फुलांची मनीऑर्डर



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय फुलांचा आहे, पण परसातल्या नाही. आपण एका गावात, फूलवाला दुसऱ्या गावात, आणि फुलं तिसऱ्याच माणसासाठी, अशा फुलांचा. आमच्या घरातली निम्मी मंडळी पुण्यात आणि उरलेली सातासमुद्रापलीकडे. त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांतून एखादा तरी फोन येतोच, "मामा, तिकडे एक हार पाठवायचाय, जमेल का?" जमतं. तामलवाडी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच आहे. एका बाजूला देवी आणि दुसऱ्या बाजूला बाजारपेठ, मग फुलांना काय तोटा?

परवा भाची म्हणाली, "इंटरनेट आल्यापासून ही किती छान सोय झाली ना!" आता इतिहास शिकवण्यात ज्याची पस्तीस वर्षं गेली त्याच्यासमोर 'हे आत्ताच सुरू झालं' असं म्हणू नये. हात शिवशिवतात हो! म्हणून हा लेख तिच्यासाठी, आणि अर्थात तुमच्यासाठीही.

आधी साहेबाच्या देशापासून सुरुवात करू, कारण तिकडच्या तारखा चोख आहेत. फुलांची मूळ अडचण अशी की ती टिकत नाहीत. पत्र चार दिवसांनी पोचलं तरी वाचता येतं, चार दिवसांनी पोचलेला मोगरा फक्त झाडून टाकता येतो. पेटीत घालून रेल्वेने पाठवली तरी तीच गत. बर्लिनमधल्या माक्स ह्युबनर नावाच्या फूलविक्रेत्याने १९०८ साली यावर साधा तोडगा काढला : फुलं पाठवायचीच नाहीत. त्या गावातल्या आपल्या व्यवसायबंधूला कळवायचं, तो त्याच्याकडची ताजी फुलं पोचवेल, पैशांचा हिशेब मागाहून. त्यासाठी त्याने फूलविक्रेत्यांची संघटना उभी केली. तीच पुढे 'फ्लोरॉप' झाली. दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९१० मध्ये, अमेरिकेतल्या पंधरा फूलविक्रेत्यांनी हेच काम तारायंत्राने करायचं ठरवलं. संघटनेचं नावच 'फ्लोरिस्ट्स टेलिग्राफ डिलिव्हरी', म्हणजे एफटीडी. यांच्या बोधचिन्हावर रोमन लोकांचा निरोप्या देव मर्क्युरी हातात फुलं घेऊन धावतोय. (आपल्याकडे ही संघटना निघती तर चिन्हावर नारदमुनी असते, यात मला तरी शंका नाही.) १९२३ मध्ये इंग्लंडची मंडळी यात आली, आणि १९४६ साली तिन्ही संघटनांनी मिळून 'इंटरफ्लोरा' केली. पुढे तारेचे दिवस सरले तेव्हा, १९६५ साली, अमेरिकन संघटनेने नावातला 'टेलिग्राफ' काढून 'ट्रान्सवर्ल्ड' घातला. आद्याक्षरं मात्र तीच राहिली. पाटी रंगवण्याचा खर्च वाचला असणार.

या व्यवहारात ऑर्डर घेणाऱ्याला साधारण शंभरातले वीस मिळत आणि फुलं करून पोचवणाऱ्याला उरलेले, त्यातही थोडा भाग संघटनेचा. देश वेगळे, नाणी वेगळी, म्हणून हिशेबासाठी 'फ्ल्यूरिन' नावाचं स्वतःचं एककही त्यांनी ठरवलं होतं. हे वाचलं तेव्हा मला आमचा भाग आठवला. १९४८ पर्यंत तुळजापूर निजामाच्या राज्यात, आणि सोलापूर १९४७ पर्यंत इंग्रजांच्या. आमच्याकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. सहा कलदार म्हणजे सात हाली, हा हिशेब वडिलांना तोंडपाठ होता. सोलापूरहून देवीला येणाऱ्या माणसाला हाराचा भाव सांगतानाही "हाली की कलदार?" हे आधी विचारावं लागे असं ते सांगायचे. 'फ्ल्यूरिन'चं कौतुक मला फारसं वाटलं नाही ते यामुळे.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे तारेने फुलं पाठवायची पद्धत का रुजली नाही? तारायंत्र तर आपल्याकडे फार लवकर आलं. १८५५ पासून सामान्य माणसाला तार करता येत होती आणि १४ जुलै २०१३ च्या रात्री शेवटची तार गेली, म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं ती होती. पण खेड्यात 'तार आली' म्हटलं की पाकीट फोडण्याआधीच रडारड सुरू व्हायची. शुभेच्छांच्या तारा होत्या, त्यांना ठरावीक क्रमांक होते, लग्नाच्या मांडवात त्या वाचूनही दाखवायचे. पण त्या शहरातल्या आणि नोकरदारांच्या. ज्या कागदाला बघून लोक छाती बडवतात त्याच्या हाती फुलं कोण देणार? आपली फुलं गेली ती तारेने नाही, मनीऑर्डरने.

पण मनीऑर्डरच्याही आधीचं सांगतो. पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात 'चौऱ्यांशीचा शिलालेख' आहे. त्याला पाठ घासली की चौऱ्यांशीचा फेरा चुकतो अशी समजूत, म्हणून ते नाव. पाठ घासण्यापेक्षा वाचण्यासारखा आहे तो. शके ११९५ ते ११९९, म्हणजे १२७३ ते १२७७ या काळातला. देवाची फुलं वगैरे सेवा कायम चालावी म्हणून कोणी किती पैका दिला याची ती यादी आहे, आणि तीत देवगिरीच्या रामदेवराव यादवाचं आणि हेमाडपंडिताचंही नाव आहे. आता बघा, राजाची राजधानी देवगिरीला आणि देव पंढरपुरात. राजा काही रोज उठून फुलं वाहायला येणार नव्हता. पैसा एकदा द्यायचा आणि तिथल्या माणसाने चंद्रसूर्य असेपर्यंत फुलं पुरवायची, असा तो करार. आजच्या भाषेत वर्गणी भरलेली ऑर्डरच म्हणा ना. आणि त्याची पावती दगडावर कोरलेली!

पुढे मराठेशाहीत देवळाच्या फुलांसाठी, दिवाबत्तीसाठी जमिनी इनाम दिल्या जात. जमीन देणारा कुठेतरी लांब असे. पण बलुत्यातला गुरव आणि अलुत्यातला माळी गावातच असत आणि काम त्यांच्या अंगावर असे. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरला बसून लांबलांबच्या देवस्थानांना गंगेचं पाणी पोचवायची व्यवस्था केली होती, ते शाळेत आपण शिकतोच. पण तिथे पाणीच प्रवास करत होतं, कारण पाणी नासत नाही. फुलांच्या बाबतीत अहिल्याबाईंनाही तिथल्याच माळ्यावर विसंबावं लागलं असणार.

मनीऑर्डर पोस्टाकडे आली १८८० साली. तुळजापूरच्या पुजाऱ्यांकडे त्यांच्या यजमान घराण्यांच्या चोपड्या असतात. कोणतं घराणं, कोणतं गाव, कोणाचा मुलगा कोण, सगळं लिहिलेलं. महाराष्ट्रातून, कर्नाटकातून ही माणसं आपापल्या पुजाऱ्याला मनीऑर्डर करत. अभिषेकाला इतके, माळेला इतके. काही दिवसांनी पाकिटातून कुंकू आणि अंगारा येई. क्वचित एखादं वाळलेलं फूलही असायचं, चपटं झालेलं. ते फूल देवीच्या पायावरचं होतं की पुजाऱ्याच्या अंगणातलं हे कोणी विचारत नसे. आपला पुजारी आहे, आजोबांपासूनचा आहे, त्याच्या चोपडीत आपलं नाव आहे, इतकं पुरत होतं.

माझा स्वतःचा संबंध आला तो मनीऑर्डरच्या फॉर्मशी. त्या काळी खेड्यात मास्तर म्हणजे पत्र वाचणारा, फॉर्म भरणारा आणि सही करायला शिकवणारा माणूस. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक छोटं कुपन असे, त्यावर दोन ओळी लिहायला जागा. पैसे घेणाऱ्याला ते कुपन फाडून मिळायचं, आणि त्याच्या सहीची किंवा अंगठ्याची पोच पाठवणाऱ्याकडे परत जायची. मुंबईला किंवा पुण्याला कामाला गेलेला मुलगा नवरात्राच्या आधी आईला पैसे पाठवी. कुपनावर लिहिलेलं असे, "यातले पाच रुपये देवीच्या माळेला." मी ते वाचून दाखवायचो. मग ती माउली एसटीने किंवा चालत तुळजापूरला जाई, माळ घेई, वाही, आणि परत आली की माझ्याकडून कार्ड लिहून घेई, 'तुझी माळ वाहिली, काळजी नसावी.' एकदा एका आजीने मला बजावून सांगितलं होतं, "गुर्जी, झेंडूची मिळाली न्हाई, शेवंतीची घातली, त्ये बी लिवा." हिशेब म्हणजे हिशेब! मुलगा मुंबईत, त्याला झेंडू की शेवंती हे कधीच कळलं नसतं. तरीही लिहायचं.

मला वाटतं, लांबून फुलं पाठवण्यातला सगळा प्रश्न या दोन ओळींत आहे. पाठवणाऱ्याला फुलं दिसत नाहीत. फूल कोणतं, ताजं की शिळं, वेळेवर गेलं की नाही, हे त्याच्या हातात नसतं. ते त्या टोकाच्या माणसाच्या हातात असतं. ह्युबनर असो की आमची आजी, सगळ्यांनी एकच गोष्ट सोडवायची होती, त्या टोकाला कोण आहे आणि पोच कोण देणार. एफटीडीने ते काम सभासदांच्या यादीने केलं, पुजाऱ्यांनी चोपडीने, पोस्टाने अंगठ्याने.

फुलपुडीचाही उल्लेख करायला हवा, नाहीतर पुणेकर नातेवाईक रागावतील. पानात गुंडाळून दोऱ्याने बांधलेली फुलांची पुडी रोज पहाटे दाराच्या कडीला अडकवलेली. महिन्याचे पैसे एकदम. दुधासारखा फुलांचा रतीब. दिवसाला एक जास्वंद कमी आली तरी महिनाअखेरीला पैशाच्या वेळी ती बाहेर निघायची. यात अंतर काही फार नव्हतं, पण न बघता घेतलेली फुलं हीसुद्धा.

मग हळूहळू सगळं बदललं. १९९४ मध्ये विकास गुटगुटियांनी दिल्लीत 'फर्न्स अँड पेटल्स' सुरू केलं, त्याच्या पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ ला, सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं, आणि पुढे परदेशात बसून भारतातल्या आईबापांना बुके पाठवणं सुरू झालं. तळेगाव दाभाड्याला एमआयडीसीचं फुलांचं उद्यान झालं. मावळातले गुलाब थंड पेट्यांतून विमानाने परदेशी जाऊ लागले. म्हणजे फुलं आता खरोखरच प्रवास करतात म्हणायला हरकत नाही. पण काड्या प्रवास करतात, हार करत नाही. हार अजूनही ज्याच्या दाराशी जायचाय त्याच्या गावातच ओवावा लागतो. जुन्या कागदी फॉर्मची मनीऑर्डर २०१५ साली थांबली, २०१६ मध्ये यूपीआय आलं. पैसे क्षणात पोचू लागले.

आणि त्या टोकाचा माणूस दिसेनासा झाला. मधल्या कंपनीला तो माहीत असेल, आपल्याला नाही. अमेरिकेत तर अशा कंपन्या निघाल्या की ज्या स्थानिक दुकान असल्याचा आव आणून, स्थानिक फोन नंबर घेऊन ऑर्डर घेत, आणि भलत्याच शहरात बसून ती खऱ्या दुकानदाराकडे कमी पैशात ढकलत. त्याविरुद्ध काही राज्यांना कायदे करावे लागले. ज्या देशाने ही पद्धत सभासदांच्या विश्वासावर उभी केली तिथेच हे व्हावं!

आता घरचं सांगतो. नातेवाइकांना अर्धं माहीत आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात.

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट. सोलापुरात आमची आक्का गेली. थोरली बहीण. अंत्यविधी महापालिकेच्या माणसांनी केला, आम्ही कोणी जवळ नव्हतो. फूल वाहणं तर दूरच, चेहराही पाहायला मिळाला नाही. तिचा मुलगा न्यू जर्सीत. नेहमीची विमानसेवा बंद, येणं जमण्यासारखं नव्हतं. तेराव्याला निदान फोटोला हार तरी आपला असावा असं त्याच्या मनात आलं. त्याने एका संकेतस्थळावर ऑर्डर दिली. नाव सांगत नाही, त्यांचाही इलाज नव्हता. टाळेबंदीचे निर्बंध होते, फुलांची दुकानं बंद होती. यादीत हार नव्हताच, पुष्पगुच्छ होता, सोबत शुभेच्छापत्र मोफत. तेही दोन दिवसांनी 'या भागात सेवा नाही' म्हणून रद्द झालं. पैसे परत आले. रात्री त्याचा मला फोन. बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "मामा, मला काहीच पाठवता येईना हो."

आमच्या गावात रस्त्याला लागून हाराची टपरी चालवणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे. टपरी बंद होती. पण त्याच्या रानात निशिगंध आणि थोडा मोगरा उभा होता आणि तोडून टाकायची वेळ आली होती, बाजारच नव्हता. त्या वर्षी आमच्याकडच्या किती फूलवाल्यांनी उभी पिकं मोडली ते डोळ्यांनी बघितलंय. त्याला फोन केला. आक्का म्हटल्यावर तो क्षणभर थांबला, आणि मग त्याने पहिला प्रश्न विचारला, "गुर्जी, फोटू केवढा हाय? उभा का आडवा?"

मंडळी, कोणत्याही संकेतस्थळाने हा प्रश्न विचारलेला मी पाहिलेला नाही. ते निरोप विचारतात, कागदाचा रंग विचारतात, सोबत चॉकलेट हवं का तेही विचारतात. फोटोला घालायचा हार फोटोच्या मापाचा लागतो. लांब झाला तर जमिनीवर लोळतो, आखूड झाला तर चौकटीवर चढत नाही. सोलापूरला विचारून माप सांगितलं, दीड फूट उभा. त्याने घरी बसून हार ओवला, मध्ये मोगरा, कडेला निशिगंध. ओल्या फडक्यात, वर केळीचं पान. आता पोचवायचा कसा? दुधाला बंदी नव्हती. गावातला एक दूधवाला रोज पहाटे सोलापूरला जायचा. त्याच्या गाडीत किटल्यांच्या मध्ये ती पुडी ठेवली. साडेसातला हार फोटोवर होता.

धाकट्या भाचीने मोबाईलवर फोटो काढला आणि न्यू जर्सीला पाठवला. तिकडे रात्र होती. तो जागाच होता. त्याचं उत्तर आलं ते एवढंच, "मोगरा आहे ना? वास येतोय का?" भाचीने लिहिलं, येतोय. हारवाल्याला मी पैसे विचारले तर त्याने दीडशे सांगितले, नेहमीचा भाव. त्या दिवसांत पाचशे मागितले असते तरी दिले असते, आणि काही नको म्हणाला असता तर मला अवघड झालं असतं. दीडशे बरोबर होते. भाच्याने त्याच्या इथल्या खात्यातून परस्पर पाठवले.

तुळजापूरलाही त्या काळात हेच चाललं होतं. २०२० चं शारदीय नवरात्र भक्तांविना झालं, राज्यातली देवळं नंतर १६ नोव्हेंबरला पाडव्याच्या दिवशी उघडली. पुन्हा बंद झाली ती ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेच्या दिवशी उघडली. एरवी कोजागिरीला सोलापूरहून चालत तुळजापूरला जाणाऱ्यांनी आमचा रस्ता रात्रभर फुललेला असतो. ती दोन वर्षं त्यावर पूर्वीची गर्दी नव्हती. ज्यांना येता येत नव्हतं ते आपल्या पुजाऱ्याला फोन करत, पैसे मोबाईलवर, माळेचा फोटो मोबाईलवर. कुंकवाचं पाकीट मागाहून पोस्टाने. पाकीट अजून येतं हे विशेष.

या फोटोबद्दल मात्र माझं मन पुरतं झालेलं नाही. एका परीने तो मनीऑर्डरच्या अंगठ्यासारखाच, पोच. साडेसातशे वर्षांत पहिल्यांदाच लांबच्या माणसाला आपली फुलं दिसू लागली, ही लहान गोष्ट नव्हे. पण अलीकडे असंही होतं की हार घालायच्या आधी फोटोचीच घाई. पुण्याच्या एका नातलगाने मला दोनदा फोन केला, "काका, फोटो नाही आला अजून." म्हटलं, बाबा रे, गुरुजींना आधी पूजा तर करू दे. ज्या आजीने झेंडूच्या जागी शेवंती घातल्याचं कार्डावर लिहायला लावलं तिला फोटोची गरज पडली नसती, आणि फोटोत जे दिसत नाही ते ती कळवत होती. शहरातल्या संकेतस्थळांना मी नावं ठेवत नाही. मुंबईत किंवा बंगळूरला वाढदिवसाचा बुके दोन तासांत पोचतो, माझ्या मित्रांसाठी मीही मागवलाय आणि चांगला आला. पण तेराव्याचा, वर्षश्राद्धाचा, घटाच्या माळेचा विषय असेल तर त्या गावात ज्याला नावाने हाक मारता येईल असा माणूस शोधावा, असं माझं मत आहे. कोणाला पटो न पटो.

आमचा हारवाला आता अशा लांबच्या ऑर्डरी बऱ्याच घेतो. पुण्या-मुंबईकडचे आमच्या पंचक्रोशीतले लोक त्याला थेट फोन करतात, माझी मध्यस्थी लागत नाही. त्याने एक दोनशे पानी वही केली आहे. परवा टपरीवर बसलो होतो तेव्हा चाळली. तिथी, गाव, कोणाकडून, आणि फोटोचं माप. एका पानावर चैत्रातल्या तिथीसमोर लिहिलंय : 'गुर्जींची आक्का, सोलापूर, दीड फूट उभा, मोगरा.' खाली कंसात, 'पैशे अमेरिका.' 'पैशे' दुरुस्त करावं म्हणून पेन काढलं होतं, पण राहू दिलं.